वास नव्हता, म्हणून वायू नव्हता?

'टाकीत कसलाही वास येत नव्हता, म्हणजेच टाकीत विषारी वायू नव्हता.' काही वर्षांपूर्वी नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात समोरच्या बाजूने हा मुद्दा मांडला गेला, तेव्हा मी मृताच्या पत्नीच्या वतीने उभा होतो आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. कायदा मला तोंडपाठ होता. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा, गटारात व सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी कोणालाही उतरवू नये असे बजावणारे त्यातले सातवे कलम, सर्वोच्च न्यायालयाचा 27 मार्च 2014 चा सफाई कर्मचारी आंदोलन प्रकरणातला निकाल, त्यातली 10 लाख रुपयांची भरपाई, हे सगळे मी घडाघडा सांगितले. पण 'वास नव्हता' या दोन शब्दांपुढे माझी वकिली थांबली. त्यांनी आणखी एक गोष्ट पुढे केली. कामगाराला उतरवण्याआधी टाकीत पेटता कंदील सोडून पाहिला होता आणि तो विझला नव्हता. म्हणजे काळजी घेतली होती, मृत्यू हृदयविकाराने आला असावा, असा त्यांचा सूर होता.

पुढची तारीख घेऊन जुन्या जालन्यातल्या घरी आलो. पुतणी अकरावी विज्ञानाला होती. तिला सहज विचारले, 'सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू कोणता ग?' ती म्हणाली, 'हायड्रोजन सल्फाइड. पण काका, तो जास्त झाला की वासच येत नाही, आमच्या सरांनी सांगितलंय.' मी तिचे पुस्तक घेऊन बसलो. मीही बारावी विज्ञान शाखेतूनच केली होती. रसायनशास्त्रात काठावर पास झालो आणि हा विषय आपल्या डोक्याचा नाही असे स्वतःलाच सांगून कायद्याकडे वळलो. वीस वर्षांनी तेच पुस्तक उघडावे लागले. पहिलाच धडा रसायनशास्त्राच्या मूलभूत संकल्पनांचा. अणुवस्तुमान, रेणुवस्तुमान, मोल. ज्या पानांवर मी विद्यार्थी असताना डोळे मिटत होतो, त्याच पानांवर एका विधवेच्या प्रश्नाचे उत्तर होते.

हिशेब अगदी साधा आहे. हायड्रोजनचे दोन अणू म्हणजे 2, गंधकाचा एक अणू म्हणजे 32. हायड्रोजन सल्फाइडच्या एका मोलचे वजन 34 ग्रॅम. हवा ही मुख्यतः नायट्रोजन (28) आणि ऑक्सिजन (32) यांचे मिश्रण, तिची सरासरी साधारण 29. एकाच तापमानाला व दाबाला सर्व वायूंचा एक मोल सारखीच जागा व्यापतो, म्हणून 34 चा वायू 29 च्या हवेपेक्षा जड. जिथे वारा फिरत नाही अशा टाकीत तो तळाशी रेंगाळतो. कार्बन डायऑक्साइड 44, तोही खालीच. मिथेन 16, तो वर जातो आणि ठिणगी मिळाली तर भडकतो. म्हणजे टाकीत कंदील सोडणे ही परीक्षा नव्हे, तो स्फोटाला दिलेला निरोप आहे.

आता वासाचे. हायड्रोजन सल्फाइडचा वास अगदी अल्प प्रमाणातही येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे 100 च्या आसपास भाग झाले, की थोड्याच वेळात नाक बधिर होते. पाचशे ते हजार भागांच्या दरम्यान माणूस शुद्ध हरपून कोसळतो. हजार भाग म्हणजे किती? हवेचा 0.1 टक्का. एवढ्याशा वायूने हवेतला ऑक्सिजन कमी होत नाही, म्हणून कंदील शांतपणे जळत राहतो. कंदिलाला ऑक्सिजन कळतो, विष कळत नाही. तेव्हा 'वास नव्हता' ही बचावाची साक्ष नाही. सेप्टिक टँकसारख्या ठिकाणी वास न येणे हे उलट सर्वांत भीतिदायक लक्षण असू शकते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. उतरण्यापूर्वी हवा ठीक असली तरी उतरल्यानंतर ती ठीक राहील याची खात्री नाही. हा वायू गाळात आणि पाण्यात विरघळलेला असतो. सोड्याची बाटली हलवून झाकण काढले की काय होते ते सर्वांना माहीत आहे. कामगाराने फावड्याने गाळ ढवळला की तसेच होते, फक्त बाहेर येतो तो मृत्यू. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वर्तमानपत्रात 'एकाच टाकीत तिघांचा मृत्यू' अशी बातमी येते ती यामुळे. पुढच्या तारखेला हे सगळे एका कागदावर आकडेमोडीसह लिहून दिले आणि सोप्या मराठीत समजावून सांगितले. वासाचा मुद्दा त्यानंतर कोणी काढला नाही. (20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बलराम सिंग प्रकरणात अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. आपल्या भागातल्या कार्यकर्त्यांनी ही तारीख वहीत लिहून ठेवावी.)

ही माझ्या हुशारीची गोष्ट नाही. उलट आहे. आपल्या समाजात वकील पुष्कळ झाले, वक्ते त्याहून पुष्कळ झाले. पण टाकीत काय घडते हे सांगू शकणारा माणूस मोर्चात शोधावा लागतो. ही उणीव बाबासाहेबांनी फार आधी ओळखली होती. ऑक्टोबर 1942 मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना, त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सरकारला दिले, त्यात शिक्षणाच्या प्रकरणात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाचा वेगळा आग्रह आहे. कला शाखा आणि कायदा यांच्या शिक्षणाचा अस्पृश्य समाजाला फारसा उपयोग होणार नाही, खरी मदत होईल ती विज्ञान-तंत्रज्ञानाच्या प्रगत शिक्षणाने, आणि ते शिक्षण महाग असल्यामुळे सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे लिहितो! आम्ही वकील मंडळी बाबासाहेबांची कितीतरी वाक्ये भाषणात वापरतो, पण हे म्हणणे आमच्यापैकी कोणी व्यासपीठावरून सांगताना मी ऐकलेले नाही. मीही सांगितले नव्हते.

रसायनाशी आपले नाते नवे आहे असेही नाही. चामडे कमावणे म्हणजे काय? चुन्याच्या पाण्यात कातडे भिजवून केस सुटे करणे, मग बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्या अर्कात ते मुरवणे. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, एक आम्लारी. सालीतले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाशी बांधले जाते आणि कातडे कुजत नाही. पिढ्यानपिढ्या ढोर समाजाने हे केले. चुन्याची निवळी किती दाट हवी, कातडे किती दिवस ठेवायचे, हे त्यांना बोटाला कळत होते. पण ज्याच्या हाताला रसायन ठाऊक होते त्याच्या हातात पुस्तक द्यायचे नाही, आणि ज्याच्या हातात पुस्तक होते तो त्या कुंडाजवळ फिरकायचा नाही, अशी ही व्यवस्था. हे फक्त आपण म्हणतो असे नाही. आधुनिक भारतीय रसायनशास्त्राचे जनक मानले जाणारे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला, त्याचा पहिला खंड 1902 साली आला. या देशातली वैज्ञानिक वृत्ती का आटली याचा शोध घेताना त्यांनी बोट ठेवले ते जातिव्यवस्थेवर. कारागिरी खालच्या जातींवर सोडली, विचार करणाऱ्यांनी हाताने काम करणे सोडले, आणि विज्ञान मेले.

त्याच राय यांचा विद्यार्थी मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या, खालच्या मानलेल्या जातीतल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण मुलांनी त्याला पंक्तीत बसू दिले नाही. या माणसाने 1920 साली ताऱ्यांच्या प्रकाशाचे कोडे सोडवणारे समीकरण मांडले. कसे? अणूतून इलेक्ट्रॉन सुटा होणे ही एक रासायनिक अभिक्रिया आहे असे धरून त्याने तिला समतोलाचा नियम लावला. समतोल! बारावीची मुले ज्या धड्याला घाबरतात तोच. मूलभूत संकल्पना पक्की असेल तर ती बीकरमधून उचलून थेट सूर्यावर लावता येते. घोकलेली व्याख्या मात्र परीक्षेच्या हॉलबाहेरही येत नाही.

प्रकरण संपल्यावर मी आणि दोन शिक्षक मित्रांनी आमच्या भागातल्या विहारात रविवारी सकाळी अकरावी-बारावीच्या मुलांसाठी रसायनशास्त्राच्या उजळणीचे वर्ग सुरू केले. शिकवतात ते दोघे, मी सतरंज्या टाकतो आणि मागे बसून शिकतो. तिथे जे दिसले ते सांगणे हा या लेखाचा खरा हेतू आहे.

पहिली अडचण भाषेची. आपली बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात. तिथे ती मूलद्रव्य, संयुग, संयुजा, आम्ल, आम्लारी, क्षार, क्षपण असे शब्द शिकतात. निकाल लागतो, अकरावीला प्रवेश होतो आणि एका रात्रीत सगळे इंग्रजी होते. दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवलेली एक मुलगी तीन रविवार गप्प बसली होती. चौथ्या रविवारी तिने विचारले, 'सर, बेस म्हणजे पाया ना? मग अ‍ॅसिडचा पाया कसा असतो?' कोणी हसले नाही, कारण अर्ध्या वर्गाला तोच प्रश्न पडलेला होता. आम्लारी म्हणजेच बेस हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. सॉल्ट म्हणजे मीठ, म्हणून मोरचूद हे सॉल्ट आहे म्हटल्यावर मुले गोंधळतात. क्षार हा शब्द मात्र त्यांना घरून ठाऊक असतो, कारण बोअरचे पाणी उकळले की पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो आणि आई म्हणते, क्षार जमलेत. मग तिथूनच सुरुवात केली. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट उष्णतेने फुटते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते. पातेल्याच्या तळापासून अवक्षेपापर्यंत मुले पाच मिनिटांत पोहोचली. त्या वर्गात आम्ही पहिले काम केले ते दोन रकान्यांची वही. डावीकडे दहावीचा मराठी शब्द, उजवीकडे अकरावीचा शब्द देवनागरीत आणि इंग्रजीत. दीडशेच्या आसपास शब्द झाले. निम्मी भीती तिथेच गेली.

दुसरी अडचण उजळणी या शब्दाचाच चुकीचा अर्थ. मुलांना वाटते, उजळणी म्हणजे तेच पान पुन्हा वाचणे आणि पिवळ्या पेनाने रंगवणे. चौथ्यांदा वाचल्यावर पान ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटले की आले असे वाटते. वकिलाला हा धोका चांगला ठाऊक आहे. फाइल दहादा चाळली तरी उलटतपासणीत उभे राहिल्यावरच कळते काय माहीत आहे आणि काय नाही. म्हणून आमच्याकडे नियम केला. पुस्तक मिटायचे, कोरा कागद घ्यायचा आणि मोलबद्दल जे आठवते ते लिहायचे. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरायचे. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. मग आठवड्याने. मग महिन्याने. लाल शाई कमी होत जाते ती खरी प्रगती. चुकलेल्या उदाहरणांची वेगळी वही, आणि त्यात उत्तर नव्हे तर चूक कोणती झाली ते लिहायचे: ग्रॅमचे मोल करायला विसरलो, समीकरण संतुलित न करताच हिशेब केला, मिलिलिटरचे लिटर केले नाहीत. आणि ज्याला धडा समजला त्याने तो दहावीच्या मुलाला मराठीत समजावून सांगायचा. समजावताना अडखळला तर समजले नाही असे धरायचे.

घोकंपट्टीची ही सवय कुठून आली यावर मी जास्त बोलणार नाही. अर्थ न समजता सरळ-उलटे पाठ म्हणणे हीच विद्वत्ता मानणारी परंपरा या देशात कोणाची होती, ते वाचकांना ठाऊक आहे. आपल्या मुलांनी ती उसनी घेण्याचे कारण नाही.

तिसरे, मोल. सर्व रस्ते या धड्यातून जातात. आमच्या वर्गात भट्टीवर काम करणाऱ्या बापाचा एक मुलगा येतो. कुंडलिका ओलांडून औद्योगिक वसाहतीकडे गेले की भंगार वितळवून सळया करणारे कारखाने आहेत, जालन्याची ती ओळखच झाली आहे. त्याने विचारले, भंगारातल्या डब्यात थोडे पाणी राहिले तर भट्टीत एवढा मोठा स्फोट का होतो? सरांनी फळ्यावर मांडले. 18 मिलिलिटर पाणी म्हणजे 18 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक मोल. शून्य अंशाला एक मोल वायू 22.4 लिटर जागा घेतो. 100 अंशाला 373 ने गुणून 273 ने भागायचे, 30.6 लिटर. म्हणजे पाण्याची वाफ होताना आकारमान 1,700 पट. वितळलेल्या पोलादाचे तापमान 1,600 अंशांच्या आसपास, तिथे हाच हिशेब केला तर 150 लिटरच्या वर. एक घोटभर पाणी, बंद डबा, आणि सभोवती लाल द्रव. वर्ग शांत झाला. त्या मुलाने ते गणित वहीत उतरवले नाही, कागदावर उतरवून खिशात ठेवले. घरी दाखवायचे म्हणाला.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाहतो आहे. मोल कळलेली मुले पुढचे धडे स्वतः ओढून नेतात. ऑक्सिडीकरण-क्षपण शिकताना आम्ही परत सेप्टिक टँकवर आलो. ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू सल्फेटमधला गंधक अधिक 6 वरून उणे 2 वर आणतात, आठ इलेक्ट्रॉनचा व्यवहार. तोच वायू वर जाऊन ओल्या भिंतीवर पुन्हा ऑक्सिडीकरण पावतो, त्याचे गंधकाम्ल होते आणि सिमेंटचा पाइप वरच्या बाजूने झडतो. मुलांनी हे कुठल्याही गाइडमध्ये वाचलेले नव्हते, पण ऑक्सिडीकरण अंक आता त्यांचा चुकत नाही.

महाडचा विषयही निघालाच. 20 मार्च 1927 नंतर चवदार तळे 'शुद्ध' करण्यासाठी सनातन्यांनी त्यात दूध, दही, शेण आणि गोमूत्राच्या 108 घागरी ओतल्या. एका मुलीने विचारले, त्याने पाण्यातला ऑक्सिजन वाढला की कमी झाला? कमीच होणार. सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातात. तळे विटाळले कोणी, याचे उत्तर तिने असे रसायनशास्त्रातून दिले. मी इतकी वर्षे या विषयावर भाषणे केली, हा मुद्दा मला सुचला नव्हता.

आता थोडे कटू. शिकवणीचा बाजार मोठा झाला आहे. लातूरला पाठवायला पैसे नसलेला बाप इथल्या इथे कर्ज काढतो. वैद्यकीयच्या नीट परीक्षेत 720 पैकी 180 गुण रसायनशास्त्राचे. भौतिकशास्त्राला घाबरणारा आणि जीवशास्त्र पाठ करणारा मुलगा पुढे जातो की मागे राहतो, ते पुष्कळदा या 180 वर ठरते. प्रश्न मराठीतूनही मिळतात, पण अकरावी-बारावी इंग्रजीत केलेल्या मुलाला तो पर्याय त्या वेळी परका होऊन बसलेला असतो. कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालायचे आणि दिवसभर शिकवणीत बसायचे, हा प्रकार सर्रास झाल्यामुळे प्रात्यक्षिके वहीतच होतात. बारावीच्या रसायनशास्त्राचे 30 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. आमच्या वर्गात आलेल्या बारावीच्या अनेक मुलांनी ब्युरेट हातात धरलेले नव्हते. अनुमापन त्यांना चित्रातून ठाऊक होते. जिच्या आजोबांच्या बोटांना चुन्याची निवळी कळत होती, त्या मुलीला चित्रातले ब्युरेट दाखवून पुढे ढकलणे ही फसवणूक आहे आणि ती आपण मुकाट्याने सहन करतो, कारण गुण मिळतात.

मुंबईच्या ज्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेची सुरुवात 1933 साली विद्यापीठाचा विभाग म्हणून झाली, तिचे मराठवाडा संकुल 2018 पासून आपल्या जालन्यात आहे. रसायन अभियांत्रिकी शिकायला राज्यभरातून मुले इथे येतात. आपल्या वस्त्यांतल्या किती घरांना हे ठाऊक आहे? मी आमच्या वर्गात विचारले तेव्हा एकच हात वर आला, तोही रिक्षा चालवणाऱ्याच्या मुलाचा. बापाने तिथे प्रवासी सोडले होते.

हे वाचून काही मित्र म्हणतील, अत्याचार चालू असताना मोल आणि संयुजा काय घेऊन बसलात. त्यांनी त्या कंदिलाची आठवण ठेवावी. आणखी काही म्हणतील, पैसा कुठून आणायचा. पन्नास मिलिलिटरची चार ब्युरेट, पिपेट, शंकुपात्रे, थोडे फिनॉल्फ्थॅलिन, सौम्य आम्ल आणि आम्लारी, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मे, एवढ्यावर अनुमापन होते. या वर्षीच्या जयंतीच्या वर्गणीतून आमच्या मंडळाने ध्वनिक्षेपकाच्या भिंतीतला एक दिवस कमी केला आणि हे सामान आणले. मंडळातल्या दोघांनी त्यावरून माझ्याशी बोलणे सोडले होते. त्यातल्या एकाची मुलगी आता वर्गात येते.

परवाच्या रविवारी पहिले अनुमापन झाले. सर मागे उभे राहिले, मुलांनीच केले. तीन वेळा वाचन घ्यायचे होते. पहिल्या वेळी थेंब जास्त पडले आणि सगळे एकदम गडद गुलाबी झाले. दुसऱ्या वेळी 10.4 आले, तिसऱ्या वेळी 10.3. बेस म्हणजे पाया का असे विचारणाऱ्या त्या मुलीने शंकुपात्र पांढऱ्या कागदावर धरले, फिकट गुलाबी रंग टिकतो का ते पाहत राहिली आणि मग म्हणाली, 'सर, अजून एकदा घेऊ. दोन वाचनं जुळायला पाहिजेत.'